खापरकाका

नवी मुंबईत 'इंडेक्स' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चीज येते, इंडेक्स टू. फ्लॅट घेताना, विकताना, गहाण टाकताना, सोसायटीत नाव चढवताना, जिथं तिथं इंडेक्स टू लागतो. एकदा तो प्लास्टिकच्या फाइलीत शिरला की कपाटात पैठणीखाली झोपतो आणि गरज पडेल त्या दिवशी सापडत नाही. पण आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत एक गृहस्थ असे आहेत की त्यांच्यापुढे इंडेक्स हा शब्द काढायची सोय नाही. काढलात, तर ते चष्मा कपाळावर चढवतात, तुमच्याकडे संशयाने बघतात आणि विचारतात, "पानं किती? आन् नावं किती?"

हे आमचे खापरकाका. दारावर पितळी पाटी आहे, तिच्यावर त्यांचं खरं नाव आहे, पण ते वाचायची वेळ फक्त कुरियरवाल्यावर येते. खापरपणजोबांचा ध्यास घेतला म्हणून पोरांनी त्यांना खापरकाका केलं. काकांनी ते एकदा जिन्यात ऐकलं आणि रागावले नाहीत. उलट "पणजाच्या वरचा खापरपणजा, हे तरी पोरांना ठाऊक झालं," म्हणाले.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका आडत्याच्या गाळ्यावर काकांनी एकतीस वर्षं मेहताजी म्हणून काढली. पहाटे गाडी लागायची, माथाडी पोती उतरवायचे आणि काका वही घेऊन उभे. मग शेतकऱ्याची पट्टी करायची. माल इतका, भाव इतका, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, गाडीभाडं वजा, हातात इतके. कागदावर शंभर पोती आणि गाडीत अठ्ठ्याण्णव, हा त्यांच्या आयुष्याचा मूळ अनुभव. ती दोन पोती गेली कुठं, हे हुडकण्यात त्यांची उमेद गेली. रिटायर झाल्यावर पोती सुटली, तूट हुडकायची खोड तेवढी राहिली. रिकाम्या हाताला काम नसलं की अशी खोड घरावर उलटते. पहिले चार महिने त्यांनी काकूंच्या डब्यांतल्या डाळी मोजल्या.

काकूंना सोडवलं ते सरकारने. 7 सप्टेंबर 2023ला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा आरक्षणाच्या मागणीपायी जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्रभरच्या कचेऱ्यांतली कपाटं उघडली. त्यात काय काय तपासायचं याची यादी काकांना तोंडपाठ आहे, आणि स्तोत्र म्हणावं तशी ते ती म्हणतात: खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना चौदा, शाळेचं जनरल रजिस्टर, टिपण बुक, दत्तकपत्र, मृत्युपत्र. इथवर आवाज सपाट. मग जरा थांबून, मिशीत हसून: मळी नोंदवही, ताडी नोंदवही, कच्च्या कैद्यांची नोंदवही. "म्हंजे बघा," ते म्हणतात, "सातबाऱ्यावर न घावलेला म्हातारा ताडीच्या दुकानात घावला तरी सरकारला चालतंय."

आमच्या सेक्रेटरींचा म्हातारा तिथंच घावला. सेक्रेटरी म्हणजे पाहुण्याची स्कूटर आत लागली तरी पावती फाडणारा माणूस. काकांनी भर सर्वसाधारण सभेत, विषयपत्रिकेवरचा लिफ्टचा ठराव चालू असताना, त्यांच्या पणजोबांचा पान क्रमांक जाहीर केला. सेक्रेटरी उभे राहिले. "पिणारे नव्हते हो ते, परवानावाले होते, विकणारे!" असा खुलासा त्यांनी केला आणि तो इतिवृत्तात नोंदवला जावा असा आग्रह धरला. इतिवृत्तात तो आहे.

आता सगळी गोम आहे ती ऑनलाइन या शब्दात. तपासलेली पानं स्कॅन होऊन संकेतस्थळांवर चढू लागली, तेव्हा घराघरांत असा समज झाला की नाव टाकलं की पणजोबा बाहेर येतात, गॅस बुक केल्यासारखे. काकांनी नातवाचा टाकलेला लॅपटॉप मागून घेतला आणि पहिल्याच रात्री एका जिल्ह्याच्या एका गावाची फाइल उघडली. गाव त्यांचं नव्हतं, पण गाडी कुणाची हे बघून पोती मोजायची नसतात. फाइल तीनशे बारा पानांची. एका पानावर वीसेक ओळी. म्हणजे सव्वासहा हजार माणसं. सोबतच्या सूचीत नावं किती? चार हजार एकशे. काका टेबलावर हात आपटून उभेच राहिले. दोन हजारांवर माणसं तुटीत! आडत्याच्या गाळ्यावर इतकी तूट आली असती तर मेहताजीला मार्केटात कुणी उभं केलं नसतं.

मग त्यांनी तुटीचा माग काढला. एकशे एकेचाळिसाव्या पानानंतर सूची एकदम एकशे एकोणपन्नासाव्यावर उडी मारत होती. असंच पुढं दोनशे साठच्या सुमारास. काकांनी गणित मांडलं आणि निदान केलं: "पोरगं दुपारी डबा खायला उठलं. आल्यावर कुठवर झालं हे इसरलं. सात पानांची माणसं त्याच्या जेवणात गेली." त्या अज्ञात पोरावर त्यांचा राग नाही. दिवसाला किती पानं टाइप केली यावर त्याला पैसे मिळत असणार, हे ते जाणतात. "हमाली पोत्यावर असती, तुटीवर नसती," एवढंच म्हणतात.

त्याच गावात त्यांना एक नवीन घराणं सापडलं. कित्ता. दोनशे चौदा माणसं, सगळ्यांचं आडनाव कित्ता. सखाराम कित्ता, दगडू कित्ता, केरू कित्ता. महाराष्ट्रात असं आडनाव कुठं ऐकलं नव्हतं म्हणून काकांनी मूळ पान उघडलं. पहिल्या ओळीत कारकुनाने आडनाव नीट लिहिलं होतं आणि खाली प्रत्येक ओळीत आळसाने 'कित्ता', म्हणजे वरीलप्रमाणे. टाइप करणाऱ्या पोराने शाळेत कित्ता गिरवला नसावा. त्याने निरागसपणे आख्ख्या गावाचं बारसं करून टाकलं. काका त्या दिवशी सगळ्या मजल्यांवर जाऊन सांगत होते. दूधवाल्यालाही सांगितलं.

जुन्या कागदांचा स्वभाव काका आता सुनेच्या स्वभावासारखा ओळखतात. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लोंबकळत ठेवायची, हात न उचलता. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही आणि ह्रस्व-दीर्घाचा भेदही नाही, त्यामुळे एक माणूस कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला हे ज्याचं त्याने ठरवायचं. आडनाव बहुतेक नाहीच. राघू वलद संभू, म्हणजे संभूचा मुलगा राघू. संभू बिन येसू. पोरं जगावीत म्हणून नावं ठेवायची ती दगडू, धोंडू, केरू, भिकू, आणि यमाला हुलकावणी द्यायला ठेवलेली ही नावं आज सूचीला हुलकावणी देतात. एका गावात चाळीस धोंडू असले तर तुमचा कुठला? कोतवालाच्या जन्मनोंदीत तर नावाचाही पत्ता नसतो. नोंद जन्माची, बारसं बाराव्या दिवशी, कारकून कशाला थांबतोय? अमक्यास मुलगा झाला, एवढंच लिहायचा. त्यामुळे सूचीत म अक्षराखाली 'मुलगा' नावाचे शेकडो पुरुष आहेत. काकांचा एक सिद्धांत आहे, आणि माझ्या मते तो सपशेल चूक आहे, पण ते तो सोडत नाहीत: ज्याचा कुणाचा पणजोबा सापडत नाही, तो नेमका न टिपलेल्या पानावर बसलेला आहे. कुठलाच पणजोबा काकांच्या लेखी हरवलेला नाही, सगळे तुटीत आहेत.

जानेवारी 2024मध्ये मराठा आरक्षणासाठी निघालेला मनोज जरांग्यांचा मोर्चा मुंबईच्या वेशीवर वाशीत येऊन थांबला. बाजार समितीच्या आवारात माणसंच माणसं. आमच्या सोसायटीने भाकऱ्या केल्या. काका चटणीचा डबा घेऊन गेले, आणि जुना गाळा, जुनी जागा, वर बीड-जालन्याकडची शेकडो माणसं पुढ्यात बसलेली. भाकरी वाढता वाढता काका प्रत्येकाला विचारायला लागले: "पणजाचं नाव? गाव? तालुका?" लोकांना वाटलं हे सरकारी माणूस. एकाने पाया पडायला वाकून कागद पुढं केला. 27 तारखेला सकाळी मुख्यमंत्री वाशीत आले, अधिसूचनेचा मसुदा निघाला, गाड्या माघारी फिरल्या. काका घरी आले तेव्हा डबा कुठं तरी राहिला होता आणि जुन्या पट्टीबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर सत्तर पणजे होते. आरक्षणाचं काय व्हायचं ते होवो, त्या सत्तरांतले एकोणतीस काकांनी पावसाळ्यापर्यंत काढून दिले. चोपन्न लाख नोंदी सापडल्याचे आकडे पेपरात येत, तेव्हा काका पेन्सिलीने बाजूला लिहीत: अधिक एकोणतीस.

चौथ्या मजल्यावरच्या प्राध्यापकबाईंचा मुलगा न्यू जर्सीला असतो. तो दिवाळीत आला तेव्हा सहज बोलून गेला की अमेरिकेत जनगणनेचे कागद बहात्तर वर्षांनी सगळ्यांना उघडे करतात. 1950च्या गणनेची पानं 1 एप्रिल 2022ला खुली झाली आणि त्याच्या ऑफिसातल्या गोऱ्याने आपला आजा घरबसल्या पाहिला, घर नंबरासकट. काका दोन दिवस जेवले नाहीत असं काकू सांगतात. काकू थोडं वाढवून सांगतात. पण त्यांनी अर्ज मात्र खरोखर लिहिला: 1931च्या जनगणनेतील माझ्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल मिळणेबाबत. तो वाचून वकिलीण मॅडमनी, पहिल्या मजल्यावरच्या, त्यांना 1948चा जनगणना कायदा दाखवला. त्याच्या पंधराव्या कलमात स्पष्ट आहे की गणनेच्या नोंदी कुणाला बघायला मिळणार नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाहीत. आपल्याकडे लोकांपुढे येतात ते बेरजांचे तक्ते.

काका बराच वेळ खिडकीतून ठाणे-बेलापूर रस्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "1881च्या 17 फेब्रुवारीला साऱ्या हिंदुस्थानात माणसं मोजली. माझा खापरपणजा सातारा जिल्ह्यात जित्ता होता. म्हंजे तो बेरजेत हाय. यादीत न्हाई."

त्यावर त्यांना दोनच गोष्टींनी उतारा पडला. एक म्हणजे 1951चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. त्या साली प्रगणकांच्या चिठ्ठ्यांवरून ते उतरवून घेतलं होतं आणि शिंदे समितीच्या यादीत त्याचंही नाव आहे, म्हणजे जनगणनेची निदान सावली तरी हाती लागू शकते. दुसरी गोष्ट न्यू जर्सीवाल्याने जाता जाता सांगितली. अमेरिकेने 1950च्या पानांची सूची आधी यंत्राकडून हस्ताक्षर वाचून करवली होती, ती चुकांनी भरलेली निघाली आणि लोकांना बसून दुरुस्त करावी लागली. आणि इंग्लंड-वेल्सची 1931ची अख्खी गणना 1942मध्ये आगीत जळून गेली. काकांचा चेहरा एवढा उजळला की काकूंनी देवापुढे साखर ठेवली.

"म्हंजे गोऱ्यांच्यातबी तूट हाय!"

सोसायटीबाहेरची गिऱ्हाइकंही येतात. एकदा उलव्याकडच्या एक आगरी मावशी आल्या, कमरेला चाव्यांचा जुडगा, हातात दोन थैल्या कागद. विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांतलं त्यांचं एक. आता जिथं ओटी होती तिथं विमानं उतरतात. मोबदल्यात मिळणाऱ्या साडेबावीस टक्क्यांच्या भूखंडात आजीकडून आलेल्या हिश्श्याचा घोळ होता. "मना वारस दाखला पायजे, आन् आजीचा नाव कुठंच नाय," मावशी म्हणाल्या. काकांनी चहा येईपर्यंत काही विचारलं नाही. मग सूची उघडली. त्या गावात आजीच्या नावाची बाई नव्हती, पण 'कोमल' नावाच्या एकसष्ट बाया होत्या. 1910 सालच्या खाडीकाठच्या गावात एकसष्ट कोमल! काकांनी एक पान मोठं केलं. जुन्या कागदांत बाईचं नाव लिहिताना पुढं 'कोम' लिहीत, म्हणजे अमक्याची बायको. टाइप करणाऱ्याने की त्याच्या यंत्राने, कुणी तरी त्या कोमला ल जोडून दिला होता. सदतिसाव्या कोमलच्या जागी आजी सापडली. मावशींनी पडद्यावरच्या त्या काळ्या फराट्यावर बोट ठेवलं, तसंच ठेवलं, आणि म्हणाल्या, "हीच. हिनंच मना नथ दिली." दुसऱ्या दिवशी त्यांनी कोलंबीचा डबा पाठवला. काका माळकरी आहेत. तो डबा आमच्याकडे आला, म्हणून हा प्रसंग माझ्या चांगला लक्षात आहे.

आता तुम्ही विचाराल, जे आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी विचारलं, की काका, तुमचा खापरपणजा?

काकांचं गाव पाटण तालुक्यातलं, कोयनाकाठचं. धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा काका सहा वर्षांचे होते, शाळेच्या दाखल्याप्रमाणे. दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आहे, गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राला वाटली तीच. गाव उठलं, माणसं जिथं जागा मिळाली तिथं पांगली, काकांचे वडील मुंबईला येऊन पाठीवर पोती घेऊ लागले. संकेतस्थळावर आधी जिल्हा निवडा, मग तालुका निवडा, मग गाव निवडा. काका तिथवर जातात. गावांची यादी खाली सरकते. त्यांच्या गावाच्या आधीचं अक्षर येतं, नंतरचं अक्षर येतं, मधे काही नाही. जे गाव नकाशावर पाणी आहे, ते यादीत कशाला ठेवतील? नाव चुकीचं लिहिलेलं असतं तर काकांनी हुडकलं असतं, पान गाळलं असतं तर बोट ठेवलं असतं. पण गावच निवडता येत नाही म्हटल्यावर पुढचं पान उघडतच नाही. हे ते सांगत नाहीत, मी लॅपटॉप दुरुस्त करून द्यायला गेलो होतो तेव्हा पाहिलं. शोधपट्टीत रोज सकाळी एकदा तीच तीन पावलं उमटलेली: सातारा, पाटण, आणि मग काही नाही. साधारण सहा वाजताची वेळ. गाडी लागायची ती वेळ.

मग सात वाजता ते दुसऱ्यांच्या गावांना बसतात. त्यासाठी मार्केटातूनच आणलेली लाल कापडी बांधणीची चोपडी आहे. तिला ते माणसांची खतावणी म्हणतात. डाव्या बाजूला सूचीतलं नाव, उजव्या बाजूला पानावरचं खरं नाव, शेवटच्या रकान्यात तूट. आजवर अकरा गावं पुरी झालीत. त्यांतल्या एकाही गावात काका गेलेले नाहीत, पण तिथली भांडणं, दत्तकं, साथीत एका आठवड्यात रिकामी झालेली घरं त्यांना घरच्यासारखी माहीत आहेत. परवा जेवताना ते एकदम म्हणाले, "बिचारी गंगू गेली गं." काकूंनी घास ठेवला, डोळ्याला पदर लावला आणि मग विचारलं, कोण गंगू? तर 1918च्या तापात गेलेली, पान दोनशे सहा.

येत्या जनगणनेची काकांनी तयारी करून ठेवली आहे. 1 मार्च 2027 हा गणनेचा दिवस त्यांनी कॅलेंडरवर आजच, म्हणजे कॅलेंडर यायच्या आधीच, मागच्या पुठ्ठ्यावर लिहिला आहे. प्रगणक दारात आला की त्याच्या हातात द्यायला एक कागद तयार आहे: घरातल्या सगळ्यांची नावं, ह्रस्व-दीर्घासकट, कुठंही कित्ता न लिहिता, आणि खाली मूळ गाव ठळक अक्षरांत, कंसात 'पाण्याखाली'. हा कागद कायद्याने कुणाच्याच हाती पडणार नाही, काकांच्या खापरपणतूच्याही नाही, हे वकिलीण मॅडमनी त्यांना पुन्हा समजावून सांगितलं. काका म्हणाले, "कायदे बदलत्यात. नाव लिव्हलेलं असलं म्हंजे झालं."

तुमचंही काही तुटीत असेल तर यायला हरकत नाही. काका अकरा ते एक बसतात, एकादशीला सुट्टी. येताना पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि तालुका एवढं घेऊन या. आडनावाचा उपयोग नाही. 'सगळं ऑनलाइन आहे ना आता' हे वाक्य दारात चपलांशेजारी काढून ठेवा. चहा काकू करतात, साखर विचारून घालतात. नाव सापडलं तर निघताना काका तुमच्या हातात जुन्या पट्टीबुकातला एक कागद देतील. त्यावर गाव, पान, ओळ आणि म्हाताऱ्याचं नाव. हमाली, तोलाई काही वजा नाही.